कोपऱ्यातली होडी

मी, खाली सही करणारी, धंद्याने प्रोग्रॅमर, वय अठ्ठावन्न पूर्ण, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडली आहे ती हृदयाची झडप. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. उद्या मला दवाखान्यात दाखल व्हायचे आहे आणि परवा ते झडप बदलणार आहेत. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा गोड बोलण्याला भुलून केलेले नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नसल्याने रद्द करण्यासारखेही काही नाही.

हे मी हाताने लिहीत आहे, त्याचे कारण वाचणाऱ्याला कळावे. आधी मी हे काम एआयला सांगून पाहिले. आयुष्यभर ज्या यंत्रांशी डोके फोडले त्यांच्याकडून शेवटचे एक काम तरी फुकट करून घ्यावे, असा विचार होता. मी फक्त घराचा पत्ता आणि नातेवाईक सांगितले. त्याने सुबक मृत्युपत्र लिहून दिले आणि त्यात, मी न सांगता, एक ओळ घातली: 'माझ्या प्रिय भावास मी मनापासून क्षमा करते.' मी ती ओळ काढायला सांगितली. त्याने माफी मागितली आणि तीच ओळ जास्त हळुवार शब्दांत पुन्हा लिहिली. तेव्हा मी संगणक बंद केला आणि पेन शोधले.

कलम पहिले. मी राहते ते तिसऱ्या मजल्यावरचे घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची लहान खोली, माझ्या कमाईचे आहे. ते माझ्या पश्चात माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला द्यावे. स्वयंपाकघरातला नळ डावीकडे फिरवला की बंद होतो आणि उजवीकडे फिरवला की हातात येतो, हे तिने लक्षात ठेवावे. लग्न माझे झाले होते. ते टिकले नाही, आणि त्या बाजूने आता कोणाचा हक्क नाही.

कलम दुसरे. बँकेतल्या ठेवी आणि विम्याचे जे काही येईल तेही भाचीलाच. ती गेम तपासण्याची नोकरी करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि घरी येऊन बापाच्या चुकांवर पांघरूण घालायचे, असे तिचे आयुष्य आहे. तिने या पैशातून काही दिवस नुसते बसून खावे.

कलम तिसरे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, सोसायटीच्या सेक्रेटरींचा प्रिंटर माझ्याकडे आहे. 'तुम्ही कॉम्प्युटरवाल्या, जरा बघा ना,' म्हणून त्यांनी तो आणून ठेवला आणि मग स्वतः दुसरा घेतला. तो त्यांच्या दारात नेऊन ठेवावा. तो चालतो. पहिल्याच दिवशी दुरुस्त झाला होता, पण विचारायला कोणी आले नाही.

कलम चौथे. माझा मोठा आवाज करणारा कीबोर्ड माझ्या शेवटच्या नोकरीतल्या टीम लीडरला द्यावा. त्या आवाजाची त्यांनी वर तक्रार केली होती. मला म्हणाले, "मॅडम, टाइप कशाला करत बसता? त्याला सांगा ना, तो लिहितो." त्या ऑफिसात माझे काम असे होते: यंत्राने कोड लिहायचा, मी तो वाचायचा आणि खाली माझ्या नावाने मंजूर म्हणायचे. बरोबर निघाला तर यंत्र हुशार, चुकला तर मॅडमचे लक्ष नव्हते. नवी मुले माझ्याकडे यायची, पण काही विचारायला नाही, मंजुरी लवकर मिळावी म्हणून. एका मुलीला मी विचारले, ही ओळ इथे का आहे? ती म्हणाली, "माहीत नाही, पण काढली की सगळं बंद पडतं." निदान ती खरे बोलली. टीम लीडरना कीबोर्ड पावला की त्यांनी एकदा तरी त्याच्यावर स्वतःच्या बोटांनी काहीतरी लिहावे, अशी विनंती आहे.

कलम पाचवे. माझी पत्रे, मेल, मेसेज आणि जुना कोड घेऊन कोणी माझ्यासारखे बोलणारे काही बनवू नये. भाचीने तर मुळीच नाही. मी जिवंत असताना माझे ऐकायला कोणाला फारसा वेळ नव्हता.

कलम सहावे, माझ्या भावाबद्दल. हे लांबेल.

तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. घरात त्याला सगळे बारक्या म्हणत आणि पन्नाशी उलटली तरी तो बारक्याच राहिला. आम्ही दोघांनी मिळून एक छोटी कंपनी काढली होती. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी आमचा प्रोग्रॅम होता. कोणती बाटली कोणाची, अहवाल कोणाचा, हे सगळे त्यात होते. कोड मी लिहायचे, गिऱ्हाइके तो सांभाळायचा. एका माणसाचे रक्त दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून मी त्यात एक तपासणी बसवली होती. ती बसवायला मला एक अख्खा उन्हाळा लागला. माझ्या हातून झालेले सर्वांत चांगले काम तेच.

मग आई आजारी पडली. मी तिच्याजवळ दवाखान्यात राहिले आणि बारक्या ऑफिसात. मी परत आले तेव्हा त्याने आमचा सगळा प्रोग्रॅम एआयला देऊन नव्याने लिहून घेतला होता. मला न विचारता, एक फोन न करता. मी त्यात चूक शोधायला बसले. जेवणखाण विसरून, दातओठ खाऊन शोधत होते. चूक नव्हती. माझी ती तपासणी जशीच्या तशी होती, आणि ती का आहे, जे मी कधी लिहून ठेवले नव्हते, ते त्या यंत्राने वर चार ओळींत व्यवस्थित समजावून सांगितले होते.

बारक्या माझ्या खुर्चीमागे उभा होता. म्हणाला, "ताई, चाललंय की. तुला अजून काय हवंय?"

मला काय हवे होते ते त्याला इतक्या वर्षांत कळले नसेल तर सांगून काय उपयोग, असे मला वाटले. मी पर्स उचलली आणि निघाले. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. आईला निरोप द्यायलाही आम्ही दोघे होतो, पण दोन टोकांना उभे होतो. ते काम बिघडले असते तर मी त्याला केव्हाच माफ केले असते. ते चालले, हे मला अजून पचलेले नाही. कंपनीतला माझा हिस्सा मी त्याला त्याच वर्षी लिहून दिला. त्यावर आता माझा किंवा माझ्या वारसांचा कोणताही दावा नाही.

कलम सातवे. मागच्या खोलीत एक जुना संगणक आहे. तो कधी बंद करत नाही. त्याच्यावर एक खेळ चालतो, त्याचे नाव 'तळे'. मी आणि बारक्याने शाळेत असताना तो लिहिला. नियम माझे, चित्रे त्याची. चौकटींचा पट, दोघांच्या होड्या, प्रत्येकाची एक मोठी होडी. मोठी होडी बुडाली की डाव संपला. मोठ्या होडीला एका चालीत पटावर कुठेही जायची सूट आहे. मोठे झाल्यावर दोघांनी दिवसाला एकेक चाल खेळायची, असे ठरले. संगणक बदलले, नोकऱ्या बदलल्या, तसा मी तो खेळ नवनव्या यंत्रांवर आणत गेले, आणि आता दोघेही तो आपापल्या फोनवरून खेळतो. भांडण झाल्यावरही खेळ थांबला नाही. त्यात बोलायची सोय नाही. बारक्याने एकदा मागितली होती, मी केली नाही.

या खेळात एक नियम आहे जो कोडमध्ये नाही. लहानपणी घरात एकच संगणक होता. आईने हाक मारली की एकाला उठावे लागायचे, आणि दुसरा तेवढ्यात लबाडी करायचा. म्हणून ठरले: उठणाऱ्याने आपली मोठी होडी खालच्या कोपऱ्यात नेऊन ठेवायची. त्याचा अर्थ, मी येते, थांब. बसलेल्याने तिला हात लावायचा नाही, आपली मोठी होडी समोरच्या कोपऱ्यात न्यायची. म्हणजे, थांबलो. पुढे परीक्षा, प्रवास, भावजयीचे बाळंतपण, आजारपण, सगळ्याला आम्ही हेच केले. हा नियम कोडमध्ये घालू या का, असे मी विचारले होते. बारक्या म्हणाला, "हे काय कॉम्प्युटरला सांगायचं? आपल्याला माहितीये ना."

आई आजारी होती तेव्हाही माझी होडी कोपऱ्यात होती. मी परत येईपर्यंत त्याने तिला हात लावला नाही. हात लावला तो बाकी सगळ्याला.

गेल्या वर्षापासून त्याचा खेळ बदलला आहे. बारक्या मुळात नाकासमोर खेळतो. स्वतःची मोठी होडी उघड्यावर टाकून माझ्यामागे धावतो, हरतो, आणि पुढच्या डावात पुन्हा तेच करतो. आता त्याची चाल रोज सकाळी ठरल्या वेळी येते, मागेपुढे होत नाही, आणि तिच्यात खोट काढता येत नाही. मी प्रत्येक डाव हरते. हरण्याचे मला काही नाही. पण मी शेवटच्या नोकरीत दिवसभर यंत्राचे लिहिलेले वाचत होते, ती चव माझ्या ओळखीची आहे. मला वाटते, त्याने मलाही त्या प्रोग्रॅमसारखे एआयच्या ताब्यात दिले आहे, आणि मी रोज उठून कोणाशीच खेळत नाही.

भाचीला मी हे बोलले. ती म्हणाली, "आत्या, बाबा सकाळी उठल्या उठल्या फोनच बघतात. तेव्हाच खेळत असतील. आणि माणूस सुधारतो गं कधीकधी." मग म्हणाली, "एक फोन कर ना त्यांना, काय जातं तुझं?" बरेच काही जाते, हे तिला या वयात कळणार नाही.

कलम आठवे. माझ्या मृत्यूनंतर, या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून मी नेमलेल्या वकीलबाईंनी आधी भावाला माझ्या जाण्याची बातमी कळवावी. मग माझ्या फोनवरून खेळात एक चाल करावी: माझी मोठी होडी खालच्या कोपऱ्यात न्यावी. कोपऱ्यातली होडी बुडवणे ही या खेळातली सर्वांत सोपी चाल आहे, आणि कोणतेही यंत्र ती सोडणार नाही. होडी बुडाली, तर मागच्या खोलीतला संगणक बंद करावा, डिस्क पुसावी आणि ते खोके भंगारात द्यावे. न बुडवता त्याने आपली होडी समोरच्या कोपऱ्यात नेली, तर तो संगणक, खेळ आणि त्याचा सगळा कोड, चालू स्थितीत, बारक्याला द्यावा. तोपर्यंत हे कागद त्याला दाखवू नयेत. भाचीलाही नाहीत, कारण ती बापाला सांगेल. मी तिच्या जागी असते तर मीही सांगितले असते.

दुरुस्ती. वरचे कलम वाचून वकीलबाईंनी चष्मा काढला आणि विचारले, "ताई, उद्या तुम्ही दवाखान्यात निघालाच आहात. तुमच्याच नियमाने होडी आज कोपऱ्यात जायला हवी. मेल्यावर कशाला?"

मी म्हटले, "आज ठेवली आणि सकाळी त्याने बुडवली, तर परवा त्या टेबलावर मी कोणासाठी झोपू?"

"आणि नाही बुडवली तर?"

मी पेनाचे टोपण लावले आणि पुन्हा काढले. त्याही घाईत नव्हत्या, कागद सरळ करत बसल्या. मला त्यांचा राग आला, कारण त्यांचे बरोबर होते. माझे बारक्यावर प्रेम आहे, हे मी इथे लिहून ठेवते, म्हणजे ते कायद्याच्या कागदावर राहील आणि कोणत्याही यंत्राला ते माझ्यासाठी हळुवार करून लिहावे लागणार नाही. क्षमा मी केलेली नाही. ती वेगळी गोष्ट आहे.

म्हणून कलम आठव्यात 'मग माझ्या फोनवरून' पासून 'खालच्या कोपऱ्यात न्यावी' पर्यंतचा मजकूर मी खोडला आहे आणि बाजूला सही केली आहे. ती चाल मी स्वतः, आज, साक्षीदारांसमोर खेळले. माझी मोठी होडी कोपऱ्यात आहे. माझा फोन मी वकीलबाईंच्या ताब्यात दिला आहे. सकाळी उत्तर येईल. ते त्यांनी बघावे आणि शस्त्रक्रियेआधी मला सांगू नये. मी विचारेन, दटावेन, कदाचित रडेनही. तरी सांगू नये. मी शुद्धीवर आले तर फोन माझ्या हातात द्यावा, मी स्वतः उघडेन. आले नाही, तर कलम आठव्याच्या उरलेल्या भागाप्रमाणे करावे, आणि बारक्या थांबला असेल तर त्याला सांगावे की ताईने होडी स्वतःच्या हाताने ठेवली होती.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, दुरुस्तीसह मान्य करून मी सही केली आहे.

लिहून देणार: सही (प्रोग्रॅमर)

आमच्यासमोर लिहून देणारीने पूर्ण शुद्धीत सही केली. आम्ही तिच्यासमोर आणि एकमेकींसमोर सह्या केल्या. या मृत्युपत्रात आम्हाला काहीही मिळणार नाही.

साक्षीदार पहिली: सही (खालच्या मजल्यावरची दाताची डॉक्टर)

साक्षीदार दुसरी: सही (समोरच्या घरातली शिंपीणबाई)

ठिकाण: मागची खोली, संगणक चालू.

दिनांक: चौदा मार्च. चाल त्याची.