याडीच्या फेटियातली फुगीर काच

४ जानेवारी
तूर सोंगून झाली. हात रिकामे, तोंड चालू. मी सांगते, नात पूनम लिहिते. यवतमाळले कॉलेजात हाय, सुटीवर आमच्या बंजारा तांड्यात आली. तिले तिथं वर्गासमोर रोमच्या काचेवर बोलायचं हाय. दोन हजार वर्सांमागं तिथले कारागीर म्हणे तापली काच लोखंडी नळीनं फुंकत, फुग्यावानी. त्याच्या अत्तराच्या कुप्या, सुरया होत.
म्हटलं, "मी जनमभर फुंकणीनं चूल फुंकली, एक वाटी नाही निघाली!"
हेही लिही म्हटलं. लिहून राह्यली, हासून राह्यली.

५ जाने.
पूनमनं माह्या मायचा, याडीचा, फेटिया पेटीतून काढला. त्या घागऱ्यावरच्या आरशांवर बोट फिरवे.
"दादी, हे फुगीर हायेत. फुंकलेल्या गोळ्यातून कापलेले. रोमच्या बायांचेही आरसे असेच असत."
म्हणजे त्याही बाया आमच्याच. नटव्या.
एक आरसा न्यायचा म्हणे, कैची लावू का? मायच्या टाक्याले कैची? आमच्यात नाही लावत. न्यायचा तं फेटियाच अख्खा ने, अन् अख्खा आण.

७ जाने.
खोड मोडली माही. याडीचा फेटिया कॉलेजात मळका कायले जाईल म्हणून पुसाले बसली. एका आरशाचा धागा झिजला होता, तो हातातच आला. चिंच-राखेनं दोन्हीकून घासला, पितळेच्या लोट्यावानी. मागची कलई सारी गेली! याडी त्यात टिकली पाहे. अन् मी...
वाटलं, पोरगी आता बोलते. तिनं काच उन्हात धरली. हिरवट, पाण्यावानी.
"आता खरी दिसली, दादी. हा फुगवटा पाह. फुंकणाऱ्याचा श्वास हाय हा."
आरसा गेला माहा, अन् खुशी हिले.

८ जाने.
काच जागेवर बसवली. टाके माहे, वाकडे. पाहते तं काय, काचेतून खालचं कापड लालभडक! बाकी फेटिया विटून मातीच्या रंगाचा झाला, पण आरशाआड ऊन पोचलंच नाही. याडीनं पसंत केला तो लाल हा. मी तं विसरलीच होती.
पूनम दुपारच्या एसटीनं घेऊन गेली.

१२ जाने.
आता सून लिहिते. अक्षर कोंबडीचे पाय, असं तीच सांगते.
पूनमचा फोन. बोलणं झ्याक झालं. सर म्हणतात, फेटिया कॉलेजच्या काचेच्या कपाटात राहू द्या, साऱ्याईले दिसन.
"काचेले काचेत ठेवता?"
"सांग नं दादी, ठेवू का?"
म्हटलं, "कपाटावर ऊन येते का, ते पाहून सांग आधी."