सेवेचा बिल्ला

सोमवार

आले बाई एकदाची! ट्रकच्या हौद्यात, औषधांच्या खोक्यांवर बसून. धाकटी बहीण म्हणत होती, पन्नाशी उलटली आणि आता तंबूत राहायचे डोहाळे लागलेत. पण इतकी वर्षं वॉर्डातला फिनेलचा वास घेतल्यावर हे मोकळं माळरान म्हणजे चैनच. देशभरातली स्काउटची मुलंमुली जमली आहेत. नजर जाईल तिथवर तंबू, दोरखंड आणि शिट्ट्या. आमचा दवाखाना अगदी टोकाला. सोबत एक तरुण डॉक्टर आहे, तो उभ्या उभ्या डुलक्या घेतो.

मुलं इतकी शहाणी, की आपल्या घरातली कार्टी आठवून लाज वाटावी. वाटेत भेटली की सलाम करतात, हातातलं ओझं काढून घेतात. माझ्या बुटाची नाडी सुटलेली पाहून एक मुलगी चटकन खाली बसली आणि तिने ती बांधूनही दिली. सरळ भांग, घट्ट दोन वेण्या. एका पथकाची नायिका आहे ती. गाठ अशी पक्की, की शेवटी कात्रीच लावावी लागली.

मंगळवार

पायाचे फोड, उन्हाने सोललेली नाकं, एक गांधीलमाशी. दुपारच्या सभेत शिबिरप्रमुखांनी सेवेच्या बिल्ल्याची घोषणा केली. हा म्हणे सगळ्यांत मानाचा बिल्ला. आजवर धडधाकट मित्राला पट्टी बांधून दाखवली की मिळायचा. यंदा मात्र जखमी खरा हवा. त्याच्यावर प्रथमोपचार करून स्ट्रेचरवरून आमच्यापर्यंत आणेल, त्याच पथकाला बिल्ला. टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टर जांभई देत म्हणाला, इतके जखमी यांना मिळणार कुठून, आपण आपल्या माश्या मारू.

बुधवार

सकाळीच पहिलं स्ट्रेचर आलं. मुलाचा हात मोडलेला. झाडावरून पडला, असं पथकाने एका सुरात सांगितलं. मग एका मुलीचा घोटा. मग आणखी एक हात. त्यांनी बांधलेल्या फळ्या पाहून मी चाट पडले. हाताच्या मापाने कापलेल्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. पट्ट्यांना चक्क इस्त्री.

या माळावर चढण्याजोगं एकही झाड नाही.

पहिल्या मुलाला जवळ बसून विचारलं. तो रडला नाही, कुणाचं नावही घेतलं नाही. पथकात चिठ्ठ्या टाकल्या होत्या, त्याची निघाली, एवढंच म्हणाला. आणि आपल्या पथकाला बिल्ला मिळाला ना, हे दोनदा विचारलं.

मी तडक प्रमुखांकडे गेले. त्यांना ते पटेना. मुलं पडायचीच, असं म्हणत ते पट्टीचंच कौतुक करत राहिले. डॉक्टर मोडलेल्या मुलांना घेऊन ट्रकने शहरात गेला आहे. उद्या येईल.

गुरुवार

पहाटेपासून स्ट्रेचरची रीघ. प्रमुखांना हाताला धरून आणलं आणि चिठ्ठीची गोष्ट आज आलेल्या मुलांच्याच तोंडून ऐकवली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दुपारच्या सभेत बिल्लाच रद्द करतो, म्हणाले.

दुपारी त्यांनाच आणलं. पुढे ती दोन वेण्यांची नायिका. प्रमुख मंचावरून पडले, पाय गेला, जबडाही दुखावला, असं तिने सांगितलं. जबड्यावरची पट्टी अप्रतिम होती. मुलं सलाम करून गेल्यावर मी ती सोडली. जबडा शाबूत. तोंडात कापडाचा बोळा.

मी तो काढला. ते म्हणाले, “बाई, रस्ता गाठा. आत्ताच.”

आधी त्यांच्या तंबूत फोन करायला धावले. फोनची तार कापून, नीट गुंडाळून, गाठ मारून ठेवलेली. इथे मोबाईल लागत नाही. फाटकावर मुलं काठ्या घेऊन उभी. त्यांनी अदबीने सांगितलं, आत रुग्ण असताना ताईंनी जाऊ नये. मला दोन्ही बाजूंनी धरून परत आणलं. पर्स एकीने घेतली, मला जड होऊ नये म्हणून.

शुक्रवार

ट्रक नाही. डॉक्टर नाही. प्रमुख तापाने फणफणलेत.

दाराशी सगळ्यांत लहान मुलांचं पथक बसलंय. सकाळपासून. त्यांना अजून बिल्ला नाही. नायिका म्हणते, लहान आहेत, चिठ्ठीला घाबरतात. त्यांना मदत करायला हवी.

मग तिने विचारलं, “ताई, तुमचा कुठला हात कमी वापरात असतो?”

मी डावा म्हणाले. का म्हणाले? का सांगितलं मी—

शुक्रवार, नंतर

मागच्या कनातीलाही मुलं. सावल्या दिसतात. मी ओरडले. बाहेरून सगळ्यांनी मिळून सांगितलं, घाबरू नका, आम्हाला सगळं येतं.

आत आलेत. स्ट्रेचर उलगडलं. फळी माझ्या हाताला लावून पाहिली— बरोबर मापाची—

लिहून होईपर्यंत थांबा, मी म्हणाले. थांबलेत. रांगेत. कुणी हलत नाही. लिहीत राहायचं. काहीही. धाकटे, तुझं ऐकायला हवं होतं. काहीही लिहायचं, थांबायचं नाही—

नायिका म्हणते, आता पुरे, ताई. बाहेर लहानांचं दुसरं पथकही येऊन बसलंय. त्यांनाही हात—

मी म्हणाले, डावाच, मी फक्त डावा म्ह—