तेज आतनं येतं

वस्ताद, तुम्ही माझ्यावर पहिल्यांदा चिडलात ते खोबरेलावरून. कसबा बावड्याच्या तुमच्या अंगणात मी कुत्र्यांना राखणीसाठी, माग काढण्यासाठी तयार करायला शिकत होते, आणि पाहुणे येणार म्हणून राखणीच्या कुत्र्याला तेल चोळून चमकवत बसले होते. तुम्ही तरुणपणी कुस्ती केलेले. हातातली वाटी काढून घेतलीत आणि म्हणालात, "अंगाला तेल लावून पैलवान हुतोय व्हय? खुराक पोटात जाऊ दे की. तेज आतनं येतंय." मग मला स्वयंपाकघरात नेऊन अंडी उकडायला बसवलंत.

गेल्या वर्षी उचगावला माझ्याकडं एक कुत्री आली. माग काढणारी, नाकाची पक्की. पण पाठीवरचे केस गळालेले, कातडीला कोंडा, आणि छातीपट्टा घासून काखेत जखमा. मालक म्हणाले, हिचं काम संपलं, ठेवा नाहीतर सोडून द्या. डॉक्टरांनी कातडी खरवडून तपासली, खरूज नव्हती. खायला काय, तर भात आणि उरलासुरला रस्सा. डॉक्टरांना विचारून मी खुराक हळूहळू बदलला: कोंबडीचं मांस, थोडी कलेजी, उकडलेलं अंडं, काटे काढलेली मासळी. महिना गेला, फरक नाही. घरचे मासळीच्या वासाला वैतागले. मी पातेलं चढवत राहिले. मग एका सकाळी तिच्या उघड्या पाठीवर हात फिरवला, तर बोटांना मऊ लव लागली.

परवा बावड्याकडच्या उसात एक विसराळू आजोबा हरवले. मी तिला पट्टा चढवते, ती त्यांचा सदरा हुंगते आणि उसात शिरते. पाती सपासप लागतात, ऊन चढतं, तिची ओढ कमी होत नाही. बांधापलीकडं पाटात पाय सोडून आजोबा बसलेले. ती समोर उभी राहून भुंकते. ते तिला म्हणतात, "ये, बस की." मागून आलेली त्यांची लेक आधी कुत्रीच्याच गळ्यात पडली. संध्याकाळी पट्टा सोडला, तर खाली एक ओरखडा नव्हता; काळी पाठ उन्हात नुसती झळाळत होती. बातमी ऐकून तिच्या जुन्या मालकांचा फोन आला, न्यायला येऊ का. मी म्हटलं, "न्हाय. ती आता हितलीच हाय."

हे पत्र आता कुठल्या पत्त्यावर पाठवणार? लोक कौतुक करतात, मी हसून ऐकून घेते. खरं सांगू, तुम्ही गेलात याचा इतक्या वर्षांत मला कधी राग आला नव्हता. परवा आला. ही पाठ तुम्ही बघायला हवी होती.