संत्र्याचा वास

प्रिय चिमे,

तुला घालवून दिल्यापासून घरात बरं चाललंय. नातीचे झटके कमी झाले. लघवीत बुडवलेली पट्टी पुन्हा जांभळी होते. काल तिने पहिल्यांदा दोन शब्द जोडले, “आजी, दार.”

डॉक्टरांनी तुला समोर बसवून समजावलं होतं. हिच्या मेंदूत साखरेला शिरताच येत नाही धड. म्हणून लोणी, साय, तेल. त्यातून शरीर कीटोन बनवतं आणि ते दुसऱ्या वाटेने आत जातात. मेंदू साखर जाळतो, एवढंच आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. वाढत्या मेंदूला यातूनच बांधकामाचा मालही मिळतो, हे मी या वयात शिकले. लाकूड चुलीतही जातं आणि तुळईलाही लागतं, तसं. गोड पोटात गेलं की कीटोन आटतात, पट्टीचा जांभळा रंग उडतो. चूल विझते, तुळईही अडते. तेव्हा तू म्हणालीस, “कळलं गं ताई, मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

मग पट्टी फिकी पडायला लागली. झटके परतले. कीटोन बनत असले की श्वासाला फळासारखा वास येतो हे ऐकलेलं, त्यामुळे पोरीच्या तोंडाला संत्र्याचा वास आला की मी उलट निश्चिंत व्हायचे. मग चूक असणार लोणी-साय मोजायच्या वजनकाट्यावर, आणि काटा सुनेच्या हातात. मी तिला नको नको ते बोलले. ती ओट्याशी उभी राहून रडली. तू तिच्या पाठीवरून हात फिरवत होतीस. “मनावर घेऊ नकोस, आमची ताई तिखटच.” खांद्याला तुझी पर्स, आणि पर्समध्ये संत्र्याच्या गोळ्या. पोरीची जीभ केशरी दिसली नसती, तर आजही सूनच गुन्हेगार असती.

कीव आली म्हणून गोळी दिलीस, ते वेडी माया म्हणून मी गिळलं असतं. पण सुनेचे डोळे पुसताना तू गप्प राहिलीस. ते कुठे ठेवू?

मी सुनेची माफी मागितली. तुला बोलवा, असं तीच म्हणते. तिची रजा संपली, आणि तिच्याशिवाय पोरगी साय खाते ती फक्त तुझ्या हातून. म्हणून हे पत्र. राग होता तिथेच आहे. ये. दारात पर्स उलटी करून दाखव. मग आधी ओट्याशी जा आणि सुनेला तुझ्या तोंडाने सांग. माझ्याकडे नंतर.

तुझीच,
तिखट ताई