टबात डॉल्फिन

४ मार्च, मंगळवार

सापडला! वॉटफर्डच्या लायब्ररीत, बागकामाच्या कपाटात, गुलाबांच्या छाटणीशेजारी — हागिनो सेइतो. जपानी हायकूवाला. कुणीतरी फुलापानांचा कवी समजून तिथे खोचला असणार. कसली फुलं! हायकूत ऋतू हवाच म्हणतात, यानं ऋतूच उडवला. सतरा अक्षरं हवीत म्हणतात, यानं कधी सातांत उरकलं. दिवसभर पोस्टात शिक्के मारायचा आणि त्याच शाईनं लिहायचा. शेवटी हायकू मंडळानं हाकललं. त्या दिवशीची ही —

मंडळातून काढलं
निघालो तर माझ्या चपला
दुसऱ्याच्या पायात

बसमध्ये एकटीच खिदळले. शेजारची बाई सरकून बसली.

६ मार्च

वाचन-गटात चपलांची गोष्ट सांगितली. गट चालवणारी डोरीन म्हणाली, "अरुणा, यू डू हिम! शनिवार बावीस. टेन मिनिट्स." मी? दहावी शिकलेली? उभी राहून, इंग्रजीत? आणि 'येस' म्हणून मोकळी झाले. तोंडच आगाऊ माझं!

९ मार्च, रविवार

मेडनहेडहून अनुप आणि सारा व्हिडिओवर. नातीला ही वाचून दाखवली —

टबात
डॉल्फिन

बस, एवढीच! सारा म्हणाली, "आजी, डॉल्फिन कशी बसणार? टब छोटी आहे!" पोट दुखेपर्यंत हसलो दोघी.

मग अनुपनं टबच धरला. "आई, वरचा टब काढून शॉवर करून घेऊ या. बाबा गेल्यापासून तू ते बाथरूम वापरतच नाहीस. दोन वर्षं झाली."

मी म्हटलं, "ते पडले तेव्हा मिक्सर चालू होता. मला काही ऐकू आलं नाही."

"अगं, मी कुठे काय म्हणतोय!"

खरंच, तो काहीच म्हणाला नव्हता.

१३ मार्च

पाठांतर. कुकरशी इंग्रजीत बोलले. कुकरनं तीनदा शिट्टी मारली. पसंत दिसतंय!

लायब्ररीतली सायोको फोनवर आईशी जपानीत बोलत होती. प्रत्येक प्रश्नाच्या शेपटीला 'का'! अगदी आपल्यासारखं — जेवलीस का, आलीस का. म्हटलं, "सायोको, तू मराठी आहेस का?" तिला कळेना मी का नाचतेय.

१५ मार्च, शनिवार

सकाळी चहा घेताना डॉल्फिनवाली मूळ जपानीत म्हणून पाहिली. पुस्तकात खाली बारीक इंग्रजी अक्षरांत दिलीय, अर्थासकट. युबुने नि इरुका. युबुने म्हणजे टब, नि म्हणजे 'मध्ये', इरुका म्हणजे डॉल्फिन. इरुका... इरु... का?

का!!

नाइटीवर कोट चढवून पळाले. सायोको नुकतं दार उघडत होती. मी विचारलं, "इरु म्हणजे काय?" तिनं ओळ वाचली आणि तोंडावर हात ठेवला. इरु म्हणजे असणं. 'टबात आहेस का?' बायको गेल्यावर सेइतोनं वर्षभर फक्त लहान मुलांच्या साध्या अक्षरांत लिहिलं. त्या अक्षरांत डॉल्फिन आणि 'आहेस का' सारखेच दिसतात. भाषांतर करणाऱ्यानं मासा पकडला!

"पण इरु फक्त जिवंत माणसांना, प्राण्यांना," सायोको म्हणाली. "खुर्चीला, छत्रीला दुसरं क्रियापद."

जपानीचा ओ की ठो न येणाऱ्या वॉटफर्डच्या बाईनं पकडलं हे! घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

१८ मार्च

कमलाकर दारातून आत आले की आधी हाक — "आहेस का गं?" संध्याकाळी सातला मी जाणार कुठे! मी म्हणायचे, "नाही, गेले!" चौतीस वर्षं तोच विनोद. पुढे तर घरात कुठूनही, कधीही तीच हाक.

शनिवारी डॉल्फिन वाचू का नको? चपलांवर भागेल. चपला सोप्या.

२१ मार्च

चपलाच.

२२ मार्च, शनिवार

वाचली!

चपलांना हशा. डॉल्फिनला त्याहून मोठा. मग मी 'का' सांगितला. डोरीननं चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "डिड शी आन्सर हिम?"

"डोरीन, शी वॉज डेड!"

सगळे हसले. मीही. टाळ्या किती! सायोकोनं तर मिठीच मारली. बसमध्ये पुन्हा एकटीच हसत आले. स्टॉप चुकला.

२३ मार्च

ऐकू आलं होतं.

मिक्सर थांबवला होता मी. वरून हाक आली — "आहेस का गं?" रोजचाच विनोद, म्हणून पुन्हा बटण दाबलं. चटणी जरा जाडसर राहिली होती.

आज वर गेले. टबाच्या काठावर बसले.

आहे, म्हटलं. अहो, आहे.