पुलाचा मधला तुकडा

९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. पत्र मिळालं. पाकिटावर निळ्या रंगाचं बोट उमटलं होतं, म्हणजे हात न पुसता लिहायला बसायची तुझी खोड अजून गेलेली नाही. माझं बरं चाललंय. दवाखान्यात नवे दातांचे डॉक्टर आलेत, ते पेशंटपेक्षा स्वतःच जास्त घाबरतात. मी काउंटरवरून पेशंटना धीर देते आणि मग आत जाऊन त्यांना. गुडघा कुरकुरतो, पण तो आता घरचाच झालाय.

सोबत नेहमीसारखी चित्रं पाठवतेय. एक धुक्यातल्या डोंगराचं आहे, ते तुला आवडेल. दुसरं कुण्या सरदाराचं जुनं चित्र आहे. चित्रकाराने सरदाराच्या मिशा अशा रंगवल्यात की एकेक केस मोजावा, आणि पायाशी बसलेला कुत्रा मात्र साफ फसलाय. कुत्र्याला माणसाचं तोंड! कुत्रा कधी जवळून पाहिलाच नसेल बिचाऱ्याने.

फोटो स्टुडिओसाठी तू रंगवलेला तळ्याचा पडदा म्युझियमने मागितला, उद्घाटनाला तुला दोन शब्द बोलायला बोलावलंय, आणि वहिनीने तुझा कोट इस्त्रीला टाकलाय, हे वाचलं. दादा, तू जाऊ नकोस. त्या हॉलमध्ये गारठा फार असतो, तुझा खोकला पुन्हा उसळेल.

छे. इथवर लिहून मी पाकीट चिकटवलं होतं. परत फोडलं. फोन करून सांगितलं असतं, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं वहिनी ओरडून सांगते. हे वहिनीच्या तोंडून तुझ्या कानावर जायला नको.

इंटरनेटवर माझं ‘सटरफटर’ नावाचं पान आहे, हे तुला ठाऊक आहे. तिथलीच चित्रं छापून तुला पाठवते. तुला वाटतं तिथे नुसते डोंगर, जुनी चित्रं आणि इतिहासाच्या गोष्टी असतात. असतात ना, पण लोक त्यासाठी येत नाहीत रे. प्रत्येक चित्राखाली मी एक टपली मारलेली असते, ती वाचायला येतात. त्या कुत्र्याखाली मी लिहिलंय, ‘पगारवाढ मागायला साहेबांच्या केबिनमध्ये गेलो होतो, तेव्हाचा मी.’ तुला पाठवताना ती ओळ कात्रीने कापते. का कापते, याचा आजवर कधी विचार केला नव्हता.

उन्हाळ्यात आले होते तेव्हा तू मला तो पडदा उलगडून दाखवलास. एका टोकाला स्वतः काठी धरून उभा राहिलास आणि म्हणालास, “घे फोटो, ऊन आहे तोवर.” तळं, डोंगर, दोन्ही काठांवरून निघालेला पूल, आणि मधला तुकडाच नाही. तिथे कोरं कापड. लहानपणी मी तुला विचारलं होतं, मधला पूल कुठे गेला? तू म्हणाला होतास, “अगं, तिथे गिऱ्हाईक उभं राहणार. त्याच्या पाठीमागे रंग कशाला वाया घालवू?” स्टुडिओवाले तुझ्याकडूनच पडदे का घेत, ते मला तेव्हा कळलं. तुझ्या पडद्यावर माणूस उभा राहिला की पूल पुरा व्हायचा.

हे सगळं मला माहीत होतं, दादा. माहीत असूनही मी तो नुसता पडदा पानावर टाकला आणि खाली लिहिलं, ‘कंत्राटदार पैसे घेऊन पळाला.’

तू कडेला उभा होतास, तुला मी कापलं. पण काठीवरची तुझी बोटं राहून गेली. लोकांनी ती शोधून काढली. ‘सापडला! ही बोटं कंत्राटदाराचीच.’ एकाने लिहिलं, ‘पलीकडच्या काठावर सासरवाडी असणार, म्हणून मुद्दाम सोडलाय.’ लोक इतके हसले, की माझ्या पानावर आजवर कशालाच एवढे हसले नव्हते. तो पडदा असा का असतो, ते एका ओळीत सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर गंमतच संपली असती. म्हणून नाही सांगितलं.

म्युझियमच्या बाईंनी तो फोटो तिथेच पाहिला. मागच्या भिंतीवर तुझी पाटी दिसते, त्यावरून तुझा पत्ता काढला. मला त्यांनी आभाराचं लिहिलं, तेव्हा कळलं. त्यांनी तुला कळवलंय ‘जुन्या स्टुडिओंचं दालन’. पण दालनाच्या एका टोकाला त्या एक कोपरा करणार आहेत, फसलेल्या कलाकृतींचा. तुझ्या पडद्यापुढे लोक पुलावरून पडल्याची सोंगं करून फोटो काढतील. मी त्यांना फोन केला, हातापाया पडले. त्या म्हणाल्या, “अहो, लोकांना मजा येते, त्यात एवढं काय मनाला लावून घ्यायचं?” पानावर कुणी चिडलं की मी लिहिते, ते माझंच वाक्य होतं.

मी तो फोटो काढून टाकला, पण आता तो माझ्या हातात राहिलेला नाही, कुठे कुठे पोचलाय देव जाणे. तू कोट घालून तिथे उभा राहशील, ‘दोन शब्द’ बोलायला लागशील आणि लोक आधीच तोंडावर हात धरून उभे असतील, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही. शरमेने मेल्यासारखं होतं. जायचंच असेल तर मला सांग, मी येते आणि तुझ्या शेजारी उभी राहते. सगळ्यांना सांगते ही करणी कुणाची.

तुझी
भिंगरी


१५ नोव्हेंबर

भिंगरीस,

आशीर्वाद. पत्र वहिनीला दाखवलं नाही. तिला सांगितलंय की तुझा गुडघा दुखतोय.

वाईट वाटलं, हे खोटं कशाला बोलू? मला वाटलं होतं, कुणाला तरी आमच्या कामाची आठवण झाली. दिवसभर खोकल्याचं निमित्त करून पडून राहिलो. नंतर उठलो आणि ब्रश धुतले.

मी जाणार आहे. पडद्यापुढे हसणं मला नवं नाही. लग्न ठरलेली पोरं-पोरी उभी राहायची, फोटोवाला ओरडायचा, “मागे सरकू नका, पाण्यात पडाल!” आणि सगळी हसायची. तसेच हेही हसतील. पुलाचं काय ते मी माझ्या तोंडाने सांगेन. ऐकलं तर ऐकलं, नाही तर राहिलं. लोक ते लोक. त्यांचा माझा काय संबंध?

तुला एकच विचारतो. पत्र मी परत परत वाचलं. त्यात सगळीकडे लोक हसले, लोक हसले. तू त्यात कुठेच सापडत नाहीस. पान चालवायचं म्हणून ओळ लिहिली असशील, तेवढं मला समजतं. धंदा म्हटला की करावं लागतं. पण तू स्वतः हसलीस का? खरं काय ते कळव. तू यायचं की नाही, ते त्यावर ठरवीन.

दादा


१९ नोव्हेंबर

दादा,

हो.

‘नाही’ लिहून पाहिलं. लिहिता आलं. तू विश्वासही ठेवला असतास, म्हणून फाडलं.

तू पडदा उलगडलास तेव्हाच ती ओळ सुचली होती. “नीट आला का गं?” असं तू काठी सांभाळत विचारत होतास, आणि मी फोनच्या आड तोंड लपवून हसत होते. “झकास आला” म्हणाले ते हसू दाबत. पानावर टाकायला घरी जाईपर्यंतही दम निघाला नाही. तू माझ्यासाठी चहा टाकायला आत गेलास, तेवढ्यात तुझ्याच ओट्यावर बसून टाकला. कप घेऊन बाहेर आलास, मला हसताना पाहिलंस आणि तूही हसलास. कशाला ते न विचारता.

तू ये म्हणेपर्यंत मी येत नाही.

‘तुझी’ लिहायला हात होत नाही. नुसतीच,
भिंगरी