चोविसाव्या हिश्श्याची फियाट

५ जानेवारी, रविवार

किट ४,३५०. कुरियर आणि ड्यूटी १,२८०. पातळ गोंद, प्रायमर, आकाशी रंगाच्या दोन बाटल्या – ९४०. एकूण ६,५७०. जयवंतीला सांगितले नऊशे. तिने विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, आता नऊशेच खरे.

पण माल झकास आहे. जुनी फियाट, एकास चोवीस. म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याची. प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले ब्याण्णव भाग, टायर तेवढे रबराचे. माहितीचा कागद इटालियनमध्ये. चित्रं कळतात, बास.

माझ्या हाताच्या सोळा गाड्या कपाटात उभ्या आहेत. जयवंती पाहुण्यांना सांगते, "लहानपणी खेळायला मिळालं नाही ना, आता खेळतात." खोटं नाही. तलासरीला आमच्या पाड्यावर गाडी म्हणजे ताडगोळ्याची दोन टरफलं आणि एक काडी.

ही सतरावी मात्र कपाटात जायची नाही. ही नविनभाईंची.

७ जानेवारी

नविनभाईंची फियाट आकाशी होती. उजव्या दरवाज्याला खाली एक पोचा, तो त्यांनी कधी काढला नाही. महिन्यातून दोनदा तिच्यात डाया भरून मुंबई. मी मागे बसायचो, पेटी मांडीवर. सोळा वर्षांचा होतो. त्यांनी मला पोलाद धरायला शिकवलं, छिन्नी शिकवली, भिंगातून बघायला शिकवलं. चांदीच्या पत्र्यावर जी फुलं-पानं उठतात ना, ती आधी आम्ही पोलादात उलटी कोरतो. त्याचं नाव डाय. डहाणूत अर्धं गाव त्यावर जेवतं. मीही.

पंधरा वर्षं त्यांच्याकडे काढली आणि सरावलीला स्वतःचं दुकान मांडलं. सोडायच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "अमरत, हाथ भारे छे तारो." तुझा हात जड आहे. म्हणजे रेघ खोल जाते. खोल गेली की पत्रा फाटतो.

एकोणीस वर्षं झाली. माझ्याकडे आठ बाकं आहेत, राजकोटचा माल येतो. ते वाक्य अजून तिथेच बसलंय.

तर गाडी करायची. हलक्या हाताने. आणि त्यांच्या हातात द्यायची. बघू मग काय म्हणतात.

९ जानेवारी

परदेशी किट, स्टेअरिंग डावीकडे. डॅशबोर्ड कापला, उजवीकडे बसवला, पॅडलं हलवली. दोन तास. डावं-उजवं माझ्याकडून चुकत नाही, जन्म त्यात गेलाय.

११ जानेवारी, शनिवार

कान माझे तिखट. दुकानात पाठ करून बसलो तरी कोणाची छिन्नी बोथट झाली ते आवाजावरून सांगतो. आज स्टेशनबाहेर चहा घेताना मागच्या बाकावर दोघं बोलत होते, अगदी हळू. "नविनकाका छव्वीसला जाणार. नवसारीला, मुलीकडे. कायमचे." दुसरा म्हणाला, "डोळे गेलेच ना जवळपास. दुकानाचं शटर विकलं सुद्धा."

चहा अर्धा ठेवून उठलो.

म्हणजे पंधरा दिवस. मला वाटलं होतं पावसाळ्यापर्यंत सावकाश करू.

१२ जानेवारी

बॉडीला प्रायमर. दरवाज्यांच्या रेघा किटमध्ये उथळ आहेत, रंगाने बुजतील. सुई घासून छिन्नी केली आणि एकेक रेघ पुन्हा काढली. श्वास रोखून. जयवंती दारात उभी राहून म्हणाली, "माझी भाजी कधी अशी नाही निवडून दिलीत."

१४ जानेवारी

संक्रांत. कामाला चौघेच आले, बाकीचे पतंगांवर. मी गाडी दुकानात घेऊन गेलो. तुक्या वरोरचा, माझ्याबरोबर नविनभाईंकडेच शिकला, आता माझ्याकडे बाकावर बसतो आणि मला शेठ म्हणतो – प्रेमाने नाही.

तुक्या म्हणाला, "शेठ, म्हाताऱ्याला खेळणं देऊन सर्टिफिकेट घेणार?"

म्हटलं, "सर्टिफिकेट कशाला. चौतीस वर्षं झाली. माझ्या हाताची एक डाय परत आलेली नाही. एक! मुंबई बाजारात जाऊन विचार."

"मग कशाला घाम गाळताय?"

तिळगूळ दिला, तोंड बंद केलं त्याचं.

१६ जानेवारी

रंगाचा पहिला हात. आकाशी बसला. वाळताना मांजर दूर ठेवलं, जयवंतीला दूर ठेवलं, पंखा बंद. तिने गरमीत बसून मला बरंच ऐकवलं. नोंद करत नाही.

१९ जानेवारी, रविवार

पोचा कसा करायचा यावर अख्खा दिवस. शेवटी उजवं दार आतून घासून पातळ केलं, चमचा गरम केला आणि बाहेरून टेकवला. पहिल्या झटक्यात! असाच होता, अगदी असाच, हाताला ओळखीचा. त्यावर रंगाचा दुसरा हात. आता खरंच ती गाडी झाली.

२१ जानेवारी

नंबर प्लेट. किटमधली कागदाची आणि इटलीच्या नंबराची, ती नको. पितळेच्या पट्टीवर कोरली. २७५४, तांदळाच्या दाण्याएवढे आकडे, उठावाचे. भाईंना दिसणार नाही, पण नखाला लागेल. चौतीस वर्षांत इतकं बारीक काम केलं नव्हतं. तुक्याने भिंग लावून बघितली, बराच वेळ बघितली आणि परत दिली. "सत्तावीस चोपन्न," एवढंच म्हणाला. तुक्याला खोट काढता आली नाही म्हणजे समजा.

दुकानात सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली. सगळ्यांनी मान डोलावली.

२३ जानेवारी, गुरुवार

गाडी पूर्ण. फोटो काढून रविनाला वापीला पाठवला. मुलगी लॅबमध्ये असते, दुपारी उत्तर आलं: "मस्त बाबा!! पण फोटो सेल्फी कॅमेऱ्याने काढलात का? नंबर उलटा आलाय."

नाही काढला सेल्फीने.

प्लेट सोडवून हातात घेतली. बघितली. २७५४. सरळ आहे. जयवंतीला हाक मारली. म्हटलं वाच. ती म्हणाली, "आरशात धरायची का?"

उलटे कोरलेत. आम्ही सगळं उलटंच कोरतो, ठसा सरळ यावा म्हणून. इथे ठसा कुठे उठवायचाय? मी उलटी कोरली, तुक्याने सरळ वाचली, आठ बाकांवरच्या सगळ्यांनी सरळ वाचली. डायवाल्यांना उलटं दिसतच नाही! रात्रीपर्यंत हसू आणि रडू एकाच वेळी.

२४ जानेवारी

नवीन प्लेट कोरायला बसलो. हात आपोआप उलटा जातो. मन म्हणतं सरळ, छिन्नी म्हणते चल हट. पहिली उलटी. दुसरी जयवंतीला दाखवली. "दोन उलटा आहे, बाकी सरळ." तिसरी धरायला गेलो तर पट्टी वाकली, पितळ संपलं.

जयवंती शेजारी बसून होती. म्हणाली, "सहा हजारांच्या गाडीला पाच रुपयांची पट्टी कमी पडली का?"

सहा हजार! पार्सल तिनेच घेतलं होतं, वरचा कागद तिने वाचला होता. एकोणीस दिवस गप्प होती. म्हटलं, "बोलली का नाहीस?" म्हणाली, "भाईंसाठी आहे हे कळलं होतं. कपाटातल्यांचे हिशेब नंतर घेते."

आधीचीच उलटी प्लेट परत बसवली.

२५ जानेवारी, शनिवार

भाईंकडे गेलो. घर रिकामं, भिंतींवर फोटोंच्या चौकटींचे पांढरे डाग. मुलगी दक्षा सामान बांधत होती. भाई खाटेवर बसलेले, डोळे माझ्याकडे पण माझ्यावर नाहीत.

"कोण, अमरत? चालण्यावरून कळलं. अजून टाच घासतोस."

गाडी त्यांच्या हातात दिली. टपावरून बोट, मग बॉनेट, मग मागची शेपटं. मग नख. उजव्या दाराशी थांबलं. पोच्यात अंगठा घातला आणि तसाच ठेवला.

"दक्षा," म्हणाले, "आ जो तारी मम्मीए ठोकी हती." तुझ्या आईने ठोकली होती ती. मला इतकी वर्षं वाटत होतं ट्रकवाल्याने. म्हणून काढला नव्हता तर.

दाराच्या रेघेवरून नख खाली गेलं, वर आलं. "ही रेघ कोणी पुन्हा काढली?"

"मी."

"हं. बरी आहे."

भाईंच्या तोंडून 'बरी' मी पंधरा वर्षांत दोनदा ऐकलं असेल, दोन्ही वेळा दुसऱ्याबद्दल.

मग नंबर प्लेट. नख एकदाच फिरलं. "सत्तावीस चोपन."

सांगून टाकलं. "भाई, उलटी कोरली गेलीय."

पुन्हा नख फिरवलं. "मने तो सीधी लागी." आणि हसले. दक्षाने वाकून बघितलं, तीही हसली, म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच शाळेतले."

जीव हलका झाला होता, म्हणून विचारलं. एकोणीस वर्षांनी विचारलं. "भाई, मग तेव्हा हात जड म्हणालात ते?"

गाडी छातीशी धरली होती. म्हणाले, "ते पण खरं होतं." आणि दक्षाला म्हणाले, "आतली ती लाकडी पेटी अमरतला दे. मी नवसारीला लोखंड कशाला नेऊ."

जड होती. स्कूटरच्या पायाशी ठेवून आणली. निरोप घेताना पाया पडलो. भाईंनी डोक्यावर हात ठेवला, दुसरा हात गाडीवरच होता.

२६ जानेवारी

पेटी उघडली. एकवीस डाया. कडेला दोन-दोन ठिपके, ती माझी खूण. प्रत्येकीला सुतळीने चिठ्ठी बांधलेली: व्यापाऱ्याचं नाव, 'पत्रा फाटला', परत आल्याची तारीख. खाली भाईंच्या अक्षरात, 'नवी करून दिली.' शेवटची चिठ्ठी मी दुकान सोडलं त्याच आठवड्यातली.